खेळ, तालीम आणि दिलेला शब्द
(संस्थेच्या वार्षिक बक्षीस समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज या व्यासपीठावरून दोन प्रकारची बक्षिसे वाटली गेली. अभ्यासातील गुणांची आणि मैदानावरील खेळांची. पहिल्या बक्षिसांना टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसऱ्या बक्षिसांच्या वेळी टाळ्या जरा कमी पडल्या, आणि त्याही बहुतेक मुलांच्याच होत्या. पालकांचे हात मांडीवरच राहिले. मी त्यांना दोष देत नाही. पोटाला चिमटा घेऊन फी भरणाऱ्या बापाने ‘खेळून काय मिळणार?’ असे विचारले तर त्यात चूक ती काय? परंतु प्रश्न रास्त असला, तरी त्याचे उत्तरही एकदा नीट ऐकून घ्यावे, एवढीच माझी विनंती आहे.

फुटबॉल म्हटले की आपल्या वडीलधाऱ्यांना कलकत्त्याचे मोहमेडन स्पोर्टिंग आठवते. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे त्या क्लबने कलकत्ता लीग जिंकली, ही हकीकत आपल्या घराघरांत सांगितली गेली आहे. आज मी सांगणार आहे ती हकीकत मात्र एका लहान क्लबाची आहे. इंग्लंडात मोठमोठे पगारी क्लब ज्या स्पर्धेत खेळतात तिला लीग म्हणतात. तिच्या बाहेर गावोगावचे, मोहल्ल्यामोहल्ल्यांचे असंख्य क्लब आहेत. त्यांना बिगर-लीग क्लब म्हणतात. दक्षिण लंडनमधील डलिच हॅम्लेट हा असाच एक क्लब. त्याच्या इतिहासातील तीन माणसांची ओळख मला तुम्हाला करून द्यावयाची आहे.

पहिले लॉरेन विल्सन. १८९३ साली डलिच हॅम्लेट नावाच्या शाळेतील दोन मुले त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, आम्हाला फुटबॉलचा क्लब काढून द्या. मुलांच्या अशा मागण्या आपणही रोज ऐकतो आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून सोडून देतो. विल्सनसाहेबांनी क्लब काढला. तो नुसता काढून ते थांबले नाहीत, १९२४ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी तो आपल्या घरासारखा सांभाळला. सारे त्यांना ‘पा’ म्हणत. पा म्हणजे बाबा. एखाद्या माणसाला गावाने बाबा म्हणावे, याहून मोठी पदवी कोणते विद्यापीठ देणार? गुलाबी आणि गडद निळा हे क्लबाचे रंग ठरले. १९०७ साली क्लब इस्थमियन लीग नावाच्या हौशी स्पर्धेत दाखल झाला. या स्पर्धेची रीत ऐकण्यासारखी आहे. जिंकणाऱ्या संघाला त्या काळी ना ढाल मिळे, ना पदक. ‘सन्मान पुरेसा आहे’ हेच तिचे ब्रीद होते.

दुसरा मानकरी आपल्याला अधिक जवळचा वाटेल. हुसेन हेगाझी त्याचे नाव. आपण ज्याला हिजाझी म्हणू, त्याचाच हा मिसरी उच्चार. कैरोचा हा मुसलमान तरुण १९११ साली इंजिनियरिंग शिकण्यासाठी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आला. वय वीस वर्षांचे. १८८२ पासून त्याच्या देशात इंग्रजांचे लष्कर ठाण मांडून बसलेले, आणि हा शिकायला आला तो त्याच इंग्रजांच्या राजधानीत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील जे विद्यार्थी विलायतेला गेले, त्यांच्या मनाची घालमेल आठवा, म्हणजे हेगाझीचे मन कळेल. परका मुलूख, परकी जबान, परके हवामान. अशा वेळी डलिच हॅम्लेटने या परदेशी विद्यार्थ्याला आपल्या संघात घेतले आणि आपला मानले.

हेगाझीचा खेळ इतका देखणा होता की त्याची कीर्ती लवकरच मोठ्या क्लबांच्या कानी गेली. फुलहॅम हा लीगमधील क्लब. त्यांनी नोव्हेंबर १९११ मध्ये त्याला स्टॉकपोर्ट काउंटीविरुद्धच्या सामन्यात उतरवले. हेगाझीने गोल केला आणि फुलहॅमने सामना ३-१ असा जिंकला. आता पुढच्या सामन्यालाही फुलहॅमला तो हवा होता. इकडे विल्सनसाहेब त्याला भेटायला गेले.

विद्यार्थी मित्रांनो, इथे क्षणभर थांबा आणि त्या मुलाच्या जागी स्वतःला उभे करून पाहा. एका बाजूला लीगचे मैदान, मोठी गर्दी, वर्तमानपत्रांत नाव. दुसऱ्या बाजूला मोहल्ल्याचा एक क्लब, ज्याच्या स्पर्धेत जिंकले तरी पदकसुद्धा मिळत नाही. हेगाझीने मोह लपवला नाही. लीगमध्ये खेळण्याची आपल्याला फार इच्छा होती, हे त्याने मोकळेपणी कबूल केले. पण डलिच हॅम्लेटची माणसे माझ्याशी फार चांगली वागली आहेत, त्यांना सोडून जाणे मला जमणार नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन तो आपल्या लहान क्लबाकडे परत आला. फुलहॅमची निराशा झाली असल्यास त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करायलाही तो विसरला नाही. लीगमधील तो त्याचा पहिला आणि शेवटचा सामना ठरला.

केलेल्या उपकाराची जाण आणि दिलेल्या शब्दाची लाज, या दोन गोष्टी आपण मुलांना दीनियातच्या तासाला शिकवतो. त्यांची परीक्षा मात्र तासात होत नाही. ती अशा एखाद्या दिवशी, कुणी न सांगता होते. वीस वर्षांचा हुसेन त्या परीक्षेत उतरला. मैदानाने त्याला काय दिले, हे विचारण्याआधी त्याने मैदानावर काय दाखवले, ते पाहावे.

पुढे १९१३ साली तो केंब्रिजला गेला आणि १९१४ मध्ये मायदेशी परतला. लंडनमध्ये कमावलेले कसब त्याने तिथेच ठेवले नाही. अल् अहली आणि आज झमालेक या नावाने प्रसिद्ध असलेला क्लब, मिसरच्या या दोन्ही नामांकित क्लबांतून तो खेळला. १९२० साली अँटवर्प ऑलिम्पिकच्या फुटबॉल स्पर्धेत मिसरचा संघ उतरला, तेव्हा त्या स्पर्धेत भाग घेणारा आफ्रिका खंडातील तो पहिला देश ठरला. त्या संघाचा कर्णधार हेगाझी होता. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्येही त्यानेच नेतृत्व केले. तिथे मिसरने हंगेरीसारख्या बलाढ्य संघाला ३-० असे हरवले. त्यातील एक गोल बत्तीस वर्षांच्या कर्णधाराचा होता. पुढच्या सामन्यात स्वीडनकडून मिसरचा पराभव झाला. परंतु दोन वर्षांपूर्वी, १९२२ साली, नावापुरते स्वातंत्र्य मिळालेल्या एका देशाने आपली मान जगापुढे ताठ केली होती. कैरोत आज त्याच्या नावाचा रस्ता आहे.

तिसरा मानकरी एडगर केल. १९१५ साली किशोरवयात तो डलिच हॅम्लेटमध्ये आला आणि १९३३ पर्यंत तिथेच राहिला. क्लबासाठी त्याने ४२७ गोल केले. मे १९२९ मध्ये तो इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातून तीन सामने खेळला आणि पॅरिसला फ्रान्सविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने दोन गोल नोंदवले. इतका मोठा खेळाडू, पण तो अखेरपर्यंत हौशीच राहिला. दिवसा विक्रेत्याची नोकरी करावी आणि मोहल्ल्याच्या क्लबासाठी खेळावे, असा त्याचा शिरस्ता. ‘खेळून पोट भरते का?’ असे विचारणाऱ्या पालकांना केलचे आयुष्य सांगते, की खेळाने पोट भरलेच पाहिजे असे नाही. पोट नोकरीने भरावे. खेळाने छाती भरते. डलिच हॅम्लेटच्या मैदानाबाहेरील रस्त्यालाही आज एडगर केलचे नाव आहे.

पालकहो, हेगाझीसारखा खेळाडू शंभर वर्षांत एखादा होतो, हे मला ठाऊक आहे. तुमचा मुलगा ऑलिम्पिकला जाईल असे आश्वासन मी देणार नाही. माझे म्हणणे साधे आहे. मॅट्रिकचे वर्ष आले की मुलाच्या पायातले बूट काढून माळ्यावर टाकू नका. संध्याकाळचा एक तास त्याला द्या. त्या एका तासात तो हरायला शिकतो, दुसऱ्याला पास द्यायला शिकतो, आणि ज्याची जात, जबान, मोहल्ला वेगळा आहे त्याच्या खांद्याला खांदा लावायला शिकतो. हे धडे कोणत्याही गाईडात छापलेले नसतात. आणि हा तास मुलींनाही द्या. ज्या डलिच हॅम्लेटची गोष्ट मी सांगितली, त्या क्लबात २०१९ पासून महिलांचाही संघ आहे.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनाही एक शब्द सांगतो. २०१८ साली या जुन्या क्लबावर आपले मैदान सोडण्याची पाळी आली. सव्वाशे वर्षांची संस्था एका रात्रीत बेघर झाली. दुसऱ्याच्या मैदानावर सामने खेळावे लागले. पण मोहल्ल्यातील माणसे गप्प बसली नाहीत, क्लबामागे उभी राहिली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात संघ स्वतःच्या मैदानावर परतला. संस्था विटांवर उभी नसते. तिला आपली म्हणणाऱ्या माणसांवर उभी असते. आपल्या शाळेच्या मागे असलेले मैदान ही अशीच एक अमानत आहे. इमारत वाढवताना त्या मैदानाची एक इंचही जागा जाणार नाही, असा ठराव या वर्षी व्हावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या शिक्षणासाठी मोठ्या शहरांत जातील, काही परदेशी जातील. तिथे तुम्हाला कुणीतरी आपले म्हणेल. त्याला विसरू नका. आणि आपल्या या शाळेत दूरच्या गावाहून एखादा मुलगा नव्याने आला, तर आधी त्याला खेळायला बोलवा. त्याचे नाव-गाव नंतर विचारले तरी चालेल.

अल्लाहतआला आपल्या संस्थेला बरकत देवो, आपल्या मुलामुलींना इल्म आणि सेहत देवो, हीच दुआ.  खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.