तुणतुण्याचा ठसका आणि जॅझची गिटार

(बुलढाणा येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



टेबलावर तीन वस्तू आहेत. एक तुणतुणं, एक गिटार आणि शाळेच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेला नादकाटा. सुरुवात नादकाट्यापासून करतो. हा तळहातावर आपटला. काही ऐकू आलं? पहिल्या रांगेलाही नाही. माझ्या कानाशी मात्र तो अजून वाजतो आहे, बराच वेळ वाजेल. आता पुन्हा तसाच आपटतो आणि त्याचा देठ टेबलावर टेकवतो. आला आवाज मागच्या खुर्च्यांपर्यंत? आणि बघा, विझलाही. काट्यात बळ तेवढंच होतं. हवेत धरला तेव्हा तो ते थेंबाथेंबाने खर्च करत होता, टेबलाने ते एकदम मागून घेतलं. तेवढ्याच बळात मोठा आवाज आणि लांब आस ही दोन्ही मिळत नाहीत. जॅझच्या गिटारमध्ये सूर लागण्याआधी लाकडावर टकटक झाल्यासारखा जो टपोरा, कोरडा ठसका ऐकू येतो, त्याचं मूळ या टेबलात आहे.

हा ठसका मी पहिल्यांदा गिटारवर ऐकला नाही, गोंधळात ऐकला. मेहकरकडच्या आमच्या गावात लग्नानंतर गोंधळ घातला जायचा. संबळ कडाडायचं, दिवटी जळायची आणि त्या सगळ्या गजरातून तुणतुण्याची एकच तार स्पष्ट ऐकू यायची. मला नवल वाटायचं, एवढीशी तार संबळाला पुरून कशी उरते? हे तुणतुणं जवळून बघा. लाकडाचा पोकळ नळा, तळाला ताणलेलं कातडं आणि त्या कातड्याच्या मधोमध ओवून वर खुंटीपर्यंत नेलेली तार. मध्ये तारेखाली घोडी नाही, काही नाही. तार थेट कातड्याला ओढते. छेडली की तिचं सगळं बळ क्षणात कातड्यात उतरतं. म्हणून ही तार असूनही चामड्याच्या वाद्यासारखी बोलते. थंडीच्या दिवसांत गोंधळी आधी ते दिवटीपाशी धरायचे. विचारलं तर म्हणायचे, "पोरा, कातडं गार पडलं म्हंजे ते बोलत नाई." कातडं सैल पडलं की तारेचं बळ त्यातच मुरतं, ठसका जातो.

आता अमेरिकेत जाऊ. १९२० च्या सुमाराला तिथल्या नाचाच्या बँडमध्ये तालाला धरून राहण्याचं काम बँजो करत असे. बँजोची मुळं पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या वाद्यांत आहेत. त्यालाही कातडंच असतं. तुणतुण्याचा तो लांबचा भाऊ, असं मी मानतो. त्या वेळच्या साध्या गिटारचा आवाज ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या पुढे बुडून जायचा. मिशिगन राज्यातल्या कालामाझू गावच्या गिब्सन कंपनीत लॉइड लोर नावाचे कल्पक वादक-कारागीर होते. १९२२ मध्ये त्यांच्या देखरेखीखाली एल-५ ही गिटार तयार झाली. गिटारला व्हायोलिनचं शरीर दिलं, असं तिचं वर्णन करता येईल. मधल्या गोल भोकाऐवजी दोन बाजूंना व्हायोलिनसारखे लांबट काप, आणि सपाट तबलीऐवजी जाड फळी कोरून काढलेली, पालथ्या तव्यासारखी फुगीर तबली. तबली स्प्रूसची. स्प्रूस हे देवदाराच्या कुळातलं, थंड मुलखातलं लाकूड. आपल्या सागापेक्षा खूप हलकं, पण तंतूच्या दिशेने ताठ. पाठ आणि बाजू साधारणतः मेपलच्या.

तबली फुगीर का, हे मी स्वतःचं नुकसान करून शिकलो. माझी पहिली गिटार साधी, सपाट तबलीची. मला जॅझचा आवाज हवा होता, म्हणून तिच्यावर जाडजूड पोलादी तारा चढवल्या. मे महिन्यात तशीच ती घाटाखाली एका लग्नाला नेली. तिथलं ऊन तुम्हाला सांगायला नको. दुपारी बंद जीपमध्ये राहिली, सरस मऊ पडला, तारांनी घोडी उचकटली आणि तिच्यासोबत तबलीची एक ढलपी निघाली. सपाट गिटारची घोडी तबलीला चिकटवलेली असते आणि तारा तिला दिवसरात्र खेचत असतात. जॅझच्या गिटारची घोडी चिकटवतच नाहीत. तारा पुढे जाऊन टोकाकडच्या धातूच्या पट्टीत अडकतात, आणि वाटेत घोडीला फक्त खाली दाबतात. कमानीवर दगडांचा भार पडावा तसा तो दाब फुगीर तबली झेलते. म्हणून तिला जाड तारा चालतात. तबलीचं ताठ लाकूड आघात पटकन उचलतं, हवेत फेकतं आणि थांबतं. जड खर्ज फार घुमत राहत नाही, मधले सूर ठळक येतात. आपण ज्याला लाकडी आवाज म्हणतो, तो मुख्यतः या मधल्या पट्टीतला आहे.

यानंतर तारा. जवळ या कुणीतरी, बोट फिरवून बघा. नेहमीच्या गिटारच्या जाड तारांवर गोल तार गुंडाळलेली असते, बोटाला करवतीसारखी लागते. टेबलावरच्या या जॅझच्या गिटारवर चपटी पट्टी गुंडाळली आहे, काचेसारखी गुळगुळीत. तिसरी तारसुद्धा गुंडाळलेली, नेहमीच्या विजेच्या गिटारवर ती बहुधा उघडी असते. अशा जाड, चपट्या वेढ्याच्या तारेत वरचे बारीक स्वर आधी मरतात. चकाकी जाते, गाभा उरतो. त्यात ती छेडायची घोडीपाशी नव्हे, दांडीच्या टोकाशी. फरक ऐका: हा घोडीपाशी, पत्र्यासारखा. हा दांडीपाशी, गोल.

आपल्या तंबोऱ्याने नेमका उलटा रस्ता धरला आहे. मिरजेचे कारागीर घोडीला किंचित बाक देतात आणि तारेखाली सूत सरकवून जवारी लावतात. तार त्या रुंद पृष्ठावर घासत, टेकत वाजते आणि वरचे स्वर पुन्हा पुन्हा जागे होतात. या घोडीत काय घडतं, यावर भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये शोधनिबंध लिहिला होता. गिटारची घोडी धारेची, शिसवीसारख्या काळ्या एबनीची. तार एका रेषेवर संपते, घासायला जागाच नाही. सतारिये खुली जवारी, बंद जवारी म्हणतात ना, तर ही गिटार पार बंद जवारीची. मला दोन्ही आवाज तितकेच प्रिय आहेत. तंबोऱ्याला मैफल धरून ठेवायची असते, या गिटारला दर मात्रेला जागा मोकळी करून द्यायची असते.

ही मोकळी जागा गिटारवादक फ्रेडी ग्रीन यांच्याइतकी कुणी जपली नसेल. १९३७ मध्ये ते काउंट बेसी यांच्या जॅझ बँडमध्ये आले आणि १९८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. पन्नास वर्षं, मात्रेमागून मात्रा, चारही मात्रांवर एक-एक आघात, तोही विजेच्या मदतीशिवाय. त्यांचा ठसका अर्धा डाव्या हातात होता. उजव्याने छेडलं की लगेच डाव्या हाताची बोटं सैल, तारेवर टेकलेली, पण दाबलेली नाहीत. सूर तिथेच बंद. तबलजी थाप देऊन हात ठेवतो ना, अगदी तसं.

पुढे गिटारमध्ये वीज आली. १९३६ ची गिब्सनची विजेवरची गिटार ईएस-१५० वादक चार्ली ख्रिश्चन यांनी एकेरी सुरांसाठी वापरली, आणि पंचविसाव्या वर्षी जाण्याआधी ते गिटारला सॅक्सोफोनच्या शेजारी बसवून गेले. १९४९ ची ईएस-१७५ तर पातळ पापुद्रे चिकटवलेल्या मेपलची, म्हणजे एका अर्थाने प्लायवुडचीच. अखंड लाकडाचा अभिमान असलेल्यांना हे रुचत नाही. पण ती तबली कमी थरथरते, स्पीकरपुढे कमी कोकलते आणि आवाज आणखी आखूड, ठोकल्यासारखा देते. गिटारवादक जिम हॉल यांनी त्यातूनच अतिशय हळवं संगीत काढलं. लाकूड महाग म्हणून आवाज चांगला, असं मी म्हणणार नाही.

आपल्या बाजूला हे संगीत मुंबईत उतरलं. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा अमेरिकन ताफा ताजमहाल हॉटेलात वाजवत होता, आणि गोव्याच्या वादकांनी ते कानांनी उचललं. अशाच एका गोमंतकीय कुटुंबात १९३६ साली मुंबईत गिटारवादक अमान्सियो डिसिल्व्हा जन्मले. पुढे ते लंडनला गेले, आणि १९६९ मध्ये जमैकात जन्मलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्यासोबत त्यांनी एक ध्वनिमुद्रिका काढली. तिचं नाव आहे 'हम दोनों'. ती मिळवून ऐका. कारण आपल्या संगीतातल्या मींडेला लांब आस लागते आणि ओढता येईल अशी बारीक तार लागते. जॅझच्या गिटारकडे दोन्ही नाहीत. सतारिया एका आघातात पाच सुरांवरून घसरत जाईल, तिथे गिटारवाल्याला पाच वेगळे टपोरे दाणे टाकावे लागतात. आपल्याकडच्या वळणाची ओळ अशा वाद्यावर कशी उभी राहते, हे त्या मुद्रिकेत कान देऊन ऐकण्यासारखं आहे.

बोलणं पुरे. संयोजकांना विनंती, माइक आणि पंखे दोन मिनिटं बंद करा. आधी तुणतुण्यावर चार मात्रा वाजवतो, मग त्याच चार मात्रा गिटारवर. डोळे मिटा आणि कोणतं कुठलं, ते ओळखा.