विजेची चुकलेली वाट

बंगळूरच्या हवेचे कौतुक सगळ्या देशाला आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात उन्हाळा सोसवतो आणि हिवाळा फारसा बोचत नाही, असे तेथे जाऊन आलेला प्रत्येक पाहुणा सांगतो. या हवेविषयी एका वर्गाचे मत मात्र थोडे वेगळे आहे. हा वर्ग पहाटे तीन-साडेतीनला उठतो, अंगणातल्या जुन्या डिझेल पिकअपच्या काचेवरचे दव पुसतो आणि किल्ली फिरवण्यापूर्वी देवाचे नाव घेतो. होसकोटे, देवनहळ्ळी, चिक्कबळ्ळापूर या बाजूंनी फुले व भाजीपाला घेऊन निघालेली ही वाहने उजाडण्यापूर्वी कृष्णराजेंद्र मार्केटात पोहोचावी लागतात. शेवंतीला पहाटे जो भाव असतो, तो उन्हे वर आल्यावर राहत नाही. अशा माणसाची गाडी अर्धा तास अडली तर त्याचा दिवस बुडतो.

गाडी अडते तीही एका ठराविक रीतीने. किल्ली फिरवली की इंजिन फिरते, खडखडते, पण पेट घेत नाही. मागच्या नळीतून दाट पांढरा धूर येतो, त्याला न जळलेल्या डिझेलचा उग्र वास असतो. बॅटरी थकत जाते. शेवटी चार माणसे ढकलतात, किंवा आदल्या रात्रीच शहाणपणाने उतारावर लावून ठेवलेली गाडी खाली सोडून देतात. एकदा इंजिन तापले की दिवसभर तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच.

यावर शेजारपाजारचा निकाल बहुधा एकच असतो: पंप गेला. बंगळुरात हा निकाल विशेष सहजपणे दिला जातो, आणि त्याला कारणही आहे. जर्मनीच्या बॉश कंपनीच्या सहकार्याने १९५१ साली मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘मायको’, स्थापन झाली. या शहरातल्या आडुगोडीच्या तिच्या कारखान्यात डिझेलचे पंप बनू लागले, आणि पुढे नाशकात सातपूरलाही तिचा कारखाना निघाला. नाशिककरांच्या ‘मायको सर्कल’ या नावात ती आठवण अजून टिकून आहे. २००८ साली कंपनीचे नाव बदलून बॉश लिमिटेड झाले. पंपाची विद्या ज्या शहरात घरोघरी पोहोचली, तेथे प्रत्येक दोष पंपाच्या माथी मारला जावा हे समजण्यासारखे आहे. पण पंप उतरवणे, तो तपासणीच्या यंत्रावर चढवणे आणि पुन्हा बसवणे हा खर्च फुलवाल्याला न परवडणारा असतो. आणि पांढरा धूर तर स्वच्छ सांगत असतो की डिझेल आत पोहोचत आहे. अडले आहे ते पेटण्याशी.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली आउग्सबुर्ग येथे चालवून दाखवलेल्या यंत्राचे तत्त्वच हे होते की, हवा पुरेशी दाबली म्हणजे ती इतकी तापते की तीत सोडलेले इंधन आपोआप पेटते. लहान गाड्यांसाठी मात्र या तत्त्वात एक सोय करावी लागली. जर्मनीत बेन्झ कंपनीतील प्रॉस्पर लोरांज यांनी १९०९ साली मुख्य सिलिंडरच्या डोक्यावर एक लहान कोठडी योजली. इंधन आधी त्या कोठडीत फवारले जाते, तेथे पेटते, आणि तो जाळ अरुंद तोंडातून मुख्य सिलिंडरमध्ये झेपावतो. पुढे इंग्लंडच्या हॅरी रिकार्डो यांनी याच जातीची, हवेला भोवऱ्यासारखी फिरवणारी कोठडी केली. त्यामुळे इंजिनाचा धक्का कमी झाला, आवाज मऊ झाला आणि डिझेल इंजिन मोटारगाडीत बसवण्याजोगे झाले. १९३६ साली मर्सिडीज-बेन्झ २६० डी ही मोटार अशाच इंजिनावर बाजारात आली.

सोयीची किंमतही मोजावी लागली. कोठडीच्या भिंतींचे क्षेत्र तिच्या आकारमानाच्या मानाने मोठे असते, म्हणून थंड इंजिनात दाबलेल्या हवेची उष्णता या भिंतीच पिऊन टाकतात. हवा मूळच्या एकविसाव्या-बाविसाव्या भागाइतक्या जागेत कोंबली तरी पहाटेच्या वेळी ती पुरेशी तापत नाही. आरंभीची हवा एक अंशाने थंड असली तर दाबाअखेर तो फरक दोन अंशांहून अधिक होतो. बंगळूरच्या जानेवारीतील पहाटेचे सरासरी किमान तापमान पंधरा-सोळा अंश आहे. १३ जानेवारी १८८४ रोजी तेथे पारा ७.८ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. शिवाय शहर उंचावर असल्याने तेथील हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने सुमारे एक दशांशाने कमी. उष्णता कमी, दाब कमी, आणि त्यात झिजलेली पिस्टनची रिंग! अशा इंजिनाला कोठडीतच लाल झालेली एक सळई हवी असते. तिचे पुस्तकी नाव ग्लो प्लग. गॅरेजमध्ये तिला हीटर प्लग म्हणतात, आणि तेच नाव अधिक समर्पक आहे.

आपल्याकडे हे प्लग जुन्या पिकअपमध्ये आले ते महाराष्ट्रातल्याच कारखान्यांतून. टेल्कोने पुण्यात बांधलेली ‘टाटामोबाईल’ १९८८ साली निघाली. तिचे सुमारे दोन लिटरचे इंजिन कोठडीच्या जातीचे होते. महिंद्रांनी फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या तंत्रावर इगतपुरीत जी इंजिने बनवली तीही याच जातीची. नंतर आलेल्या ज्या पिकअपच्या नावापुढे ‘डीआय’ ही अक्षरे असतात, त्यांत इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, आणि त्यांतल्या पुष्कळ जुन्या इंजिनांना हीटर प्लगच नाहीत. तेव्हा शोध सुरू करण्यापूर्वी आपल्या इंजिनाची जात ओळखलेली बरी. नसलेल्या प्लगची तार शोधण्यात सकाळ घालवणारेही आढळतात.

प्लगची रचना साधी आहे. पेन्सिलीएवढ्या पोलादी नळीत तारेचे वेटोळे, त्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची घट्ट ठासलेली भुकटी, वर एक आटा पाडलेले टोक. बारा व्होल्ट मिळाले की काही सेकंदांत त्याचे आतले टोक आठ-नऊशे अंशांपर्यंत तापते. स्थिरावल्यावर एक प्लग साधारण दहा अँपिअर प्रवाह घेतो. चार प्लग मिळून चाळीस, आणि पहिल्या क्षणी त्याहून बराच अधिक. घरातील दिव्याच्या तारेने हे काम होणार नाही, ते येथेच ध्यानात यावे. म्हणून बॅटरीपासून जाड तार निघते, ती जाड पट्टीच्या फ्यूजमधून रिलेत जाते, रिलेतून पहिल्या प्लगवर येते, आणि तेथून एक धातूची पट्टी चारही प्लगांच्या डोक्यांवरून जाते. परतीचा मार्ग मात्र तारेचा नाही. प्लगाच्या आट्यातून इंजिनाच्या लोखंडात, तेथून गुंफलेल्या पट्टीने चासीत आणि बॅटरीच्या ऋण टोकाकडे वीज परत येते.

या सगळ्या मार्गावर बिघडण्यासारख्या जागा अनेक आहेत, पण चालकापुढे दिसतो तो डॅशबोर्डवरचा एक पिवळा दिवा. किल्ली फिरवली की तो लागतो, काही सेकंदांनी विझतो, आणि चालक समजतो की प्लग तापले. हा समज बहुतेक जुन्या गाड्यांत खोटा आहे. तो दिवा केवळ वेळ मोजणाऱ्या खोक्याचा निरोप सांगतो. फ्यूज जळलेला असो, पट्टी तुटलेली असो, चारही प्लग मेलेले असोत, दिवा आपला नेमाने लागतो आणि विझतो. रिलेच्या ‘टक्’ आवाजाचेही तसेच. आतली चुंबकी पट्टी ओढली गेली एवढेच त्यावरून कळते. तिच्या टोकांवर काजळी धरली असेल तर आवाज येऊनही वीज पुढे जात नाही.

दुसरी फसगत करते ती मिस्त्रीच्या हातातील चाचणीची बत्ती. ती पट्टीला लावली, लागली, की ‘करंट येतोय’ असा निर्वाळा मिळतो. यात गोम अशी आहे. समजा, रिलेजवळच्या गंजलेल्या सांध्यात एका ओहमच्या विसाव्या भागाइतका अडथळा आहे. पाच वॉटची बत्ती अर्धा अँपिअरही घेत नाही, त्यामुळे त्या सांध्यात व्होल्टच्या पन्नासाव्या भागाएवढी तूट येते आणि बत्ती झगझगीत दिसते. पण चार प्लग चाळीस अँपिअर ओढू लागले की त्याच सांध्यात दोन व्होल्ट अडकून पडतात. प्लगाला बाराऐवजी दहा मिळतात. आणि उष्णता विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती जवळजवळ तीस टक्क्यांनी घटते. प्लग तापतो, पण लाल होत नाही. जुन्या गाड्यांच्या वायरिंगमधील पुष्कळशी कोडी या एका हिशेबाने सुटतात.

म्हणून मोजणी करावयाची ती प्रवाह चालू असताना. त्यासाठी साधे व्होल्टमीटर पुरते. बॅटरी भरलेली आणि तिची टोके घासून स्वच्छ केलेली असावीत. पांढऱ्या बुरशीने भरलेल्या टोकांवरून पुढचा शोध घेणे व्यर्थ आहे. एकाने किल्ली तापण्याच्या जागी धरावी, दुसऱ्याने मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरे प्लगांवरच्या पट्टीवर ठेवावे. वाटेत जेवढे व्होल्ट हरवतात तेवढे थेट मीटरवर दिसतात. अर्धा व्होल्ट क्षम्य आहे. दीड-दोन दिसले तर तेच टोक पट्टीवरून मागे मागे, रिलेच्या बाहेरच्या टोकावर, आतल्या टोकावर, फ्यूजच्या दोन्ही बाजूंवर न्यावे. जेथे आकडा एकदम उतरतो तेथे दोष सापडतो. मीटरवर बॅटरीचा पुरा बारा व्होल्टचा आकडा आला तर वाट मध्येच तुटली आहे. आणि काहीच तूट दिसली नाही तर आनंदून जाऊ नये. वाट उत्तम असेल, किंवा पलीकडे वीज घेणारे प्लगच मेलेले असतील. वाहते तेथेच तूट येते.

परतीच्या मार्गाची तपासणी बहुतेक जण करीतच नाहीत. रंगकाम करताना किंवा क्लचचे काम काढताना इंजिन-चासीमधली पट्टी सोडली जाते आणि नंतर रंगावरच किंवा गंजावरच आवळली जाते. मग वीज परतताना गिअरच्या केबलीतून, अॅक्सिलरेटरच्या तारेतून वाट काढते. अशी केबल तापलेली आढळली तर निदान तेथेच झाले. मीटरचे एक टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, दुसरे बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवून, किल्ली धरलेली असताना हा आकडा पाहावा. स्टार्टर फिरताना पाहिला तर आणखी चांगले, कारण खराब अर्थ स्टार्टरलाही मंद करतो, आणि मंद फिरणारे इंजिन हवा नीट दाबू शकत नाही.

यानंतर प्लगांकडे वळावे. आधी वरची पट्टी काढणे आवश्यक आहे, कारण ती असताना चारही प्लग एकमेकांना जोडलेले असतात आणि एक जिवंत प्लग तीन मेलेल्यांना झाकतो. मग चाचणीची बत्ती बॅटरीच्या धन टोकाला लावून प्रत्येक प्लगाच्या डोक्यावर टेकवावी. वेटोळे सलग असेल तर ती लागते, तुटले असेल तर लागत नाही. येथे ती बत्ती खरे बोलते. एक प्लग गेला तर इंजिन तीन सिलिंडरांवर थरथरत उठते. दुसरा गेला की कुरकुरते. चालक ते सोसत राहतो, आणि वर्षाची पहिली थंडी पडली की गाडी ‘अचानक’ बिघडते.

फार जुन्या काही वाहनांत उघड्या वेटोळ्याचे प्लग एकामागून एक साखळीने जोडलेले असतात. दिवाळीच्या दिव्यांच्या माळेप्रमाणे त्यांतला एक गेला की सगळे विझतात, आणि त्यांतल्या एकट्या प्लगाला बारा व्होल्ट दिले तर तो जळतो. अलीकडच्या काही प्लगांनाही बारा व्होल्ट सोसत नाहीत. प्लगावर कोरलेला आकडा वाचल्याविना त्याला बॅटरी लावू नये.

एका सर्रास उपायाविषयी मात्र कठोर बोलणे भाग आहे. वेळ मोजणारे खोके बिघडले की मिस्त्री ते काढून टाकतो आणि डॅशबोर्डवर एक बटण बसवतो. बटणाने रिलेला हुकूम दिला, आणि रिले, जाड तार व फ्यूज जागच्या जागी राहिले, तर हा उपाय चालण्यासारखा आहे. पण जे. सी. रस्त्यावरून आणलेल्या हॉर्नच्या बटणातून आणि बारीक तारेतून चाळीस अँपिअर नेले जातात, मध्ये फ्यूजही नसतो, आणि ती तार चालकाच्या गुडघ्याजवळून जाते. तारेचे आवरण वितळून आग लागण्यास त्याहून अधिक तयारी लागत नाही. शिवाय बटणाला वेळेचे भान नसते. घाईच्या पहाटे ते मिनिटभर दाबून धरले की प्लगाचे टोक फुगते, कधी फुटून सिलिंडरमध्ये पडते. तसेच हवेच्या नळीत ईथरचा फवारा मारणे हे लाल झालेल्या प्लगाच्या इंजिनात थेट स्फोटाला आमंत्रण आहे; त्यात पिस्टन फुटलेले आहेत.

टोक फुगलेला प्लग सहज बाहेर येत नाही, याची जाणीव ठेवून हात घालावा. निफाडच्या थंडीतला द्राक्षबागाईतदार असो की होसकोट्याचा फुलवाला, हे काम पहाटे, गाडी अडलेली असताना करण्याचे नव्हे. दुपारी बाजारातून परतल्यावर, इंजिन गरम असताना, आट्याभोवती भेदक तेल सोडावे, थोडा वेळ थांबावे, आणि पान्याला जोर न देता पुढे-मागे हलवत प्लग सैल करावा. थंड इंजिनात तो अडला आणि आट्यापाशी तुटला, तर उरलेला तुकडा काढण्यासाठी सिलिंडर हेडच उतरवावे लागते.