आधी ओळख, मग ऑर्डर

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आम्ही मुंबईतल्या कांदिवलीहून बोलतोय. स्टेशनच्या पूर्वेला आमचा दहा जणींचा बचत गट आहे. चकली, थालीपिठाची भाजणी, मेतकूट असे जिन्नस आम्ही करून विकतो. आज बोलायचंय ते मोबाईलवरच्या ओळखींबद्दल. व्हॉट्सॲपवर धंदा कसा वाढतो आणि एका दिवसात कसा बसतो, दोन्ही आम्ही भोगलंय.

बसल्याची गोष्ट आधी सांगतो. दिवाळी तोंडावर आली होती. आमच्या चकलीचा फोटो काढला, पण खोलीत उजेड कमी, तो काही बरा दिसेना. मग एकीच्या मुलाने इंटरनेटवरून एक फोटो काढून दिला. सोनेरी चकल्या, खाली केळीचं पान. आमच्यातली एक जण जवळच्या मोठ्या सोसायटीत स्वयंपाकाला जाते. तिथल्या ताईंनी तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, "या बायका माझ्या ओळखीच्या आहेत, जरूर घ्या."

तीन दिवसांत चाळीस किलोची मागणी आली. आमची ताकद वीस किलोची. पण आलेल्या लक्ष्मीला नाही कसं म्हणायचं? रात्र रात्र जागून चकल्या तळल्या. घाईत मोहन कमी पडलं. काही कडक झाल्या, काही करपल्या. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच ग्रुपवर दोन फोटो शेजारी शेजारी टाकले. एक आमच्या जाहिरातीचा, एक घरी आलेल्या डब्याचा. खाली एकच ओळ, "ही तीच चकली का?"

त्या ताईंचा फोन आला. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, मी तुमच्यासाठी शब्द टाकला होता." ते मात्र आम्हाला फार लागलं.

संध्याकाळी गटाची बैठक बसली. दोघी म्हणाल्या, नंबर बदलून टाकू, विषय संपला. आमच्यातल्या वयाने मोठ्या मावशी म्हणाल्या, "गावात चूक झाली तर आपण घर बदलतो का?" मग आम्ही ताईंकरवी ग्रुपवर खरं ते कळवलं. फोटो आमचा नव्हता, झेपेल त्याहून जास्त मागणी घेतली, ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी सांगावं. अकरा जणींनी मागितले. त्यात नफा गेला, वर गटाच्या शिलकीलाही हात लावावा लागला. पण पुढच्या दिवाळीला त्याच अकरांपैकी सात जणींनी पुन्हा चकली मागवली. खरं बोलल्याचं फळ ते.

मैत्रिणींनो, ओळखीवर धंदा करणं आपल्याला नवं नाही. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तेच आजचे लिज्जत पापड. तेव्हा मोबाईल कुठे होता? ओळखीच्या दुकानदाराकडे माल ठेवला, आणि चव एकसारखी ठेवली म्हणून नाव पसरलं. आपल्याकडेही हळदीकुंकवाला, भिशीला, पाणवठ्यावर हेच चालतं, "तिच्याकडचं तिखट घे गं, चांगलं असतं." मोबाईलवर हाच शब्द लांब जातो. चांगला जातो तसा वाईटही जातो, तोही त्याच वेगाने.

त्या दिवाळीनंतर आम्ही काही नियम घातले, तुम्हालाही उपयोगी पडतील. फोटो आपल्याच मालाचा. सकाळच्या उन्हात, दारात किंवा खिडकीशी, स्वच्छ ताटात ठेवून काढायचा. सोबत वजन, भाव आणि माल कधी मिळेल ते लिहायचं. आठवड्याला झेपेल तेवढीच मागणी घ्यायची. पुढची आली तर "या वेळी संपलं, पुढच्या वेळी तुमचं नाव आधी" असं गोडीत सांगायचं. कुणी विचारलं तर त्याच दिवशी उत्तर द्यायचं. तक्रार आली तर आधी ऐकून घ्यायचं.

घरचा आणि धंद्याचा व्हॉट्सॲप वेगळा ठेवा. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप फुकट मिळतं. त्यात आपल्या जिनसांची फोटो-भावासकट यादी लावून ठेवता येते. एकाच वेळी अनेकांना निरोप पाठवायची ब्रॉडकास्टची सोयही आहे. पण एक गंमत बघा, हा निरोप ज्यांनी आपला नंबर फोनमध्ये साठवलाय त्यांनाच पोचतो. म्हणजे आधी ओळख, मग निरोप. म्हणून डबा देतानाच सांगायचं, "ताई, आमचा नंबर साठवून ठेवा हं." आणि दुसऱ्याच्या ग्रुपवर त्यांना विचारल्याशिवाय जाहिरात टाकायची नाही. न विचारता कुणाच्या ओट्यावर आपण टोपली मांडत नाही, तसंच हे.

ओळख फक्त गिऱ्हाइकाशी नको, गटागटांतही हवी. वांद्रे-कुर्ला संकुलात महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरतं, तिथे गावोगावचे बचत गट येतात. आम्ही बघायला गेलो आणि कोकणातल्या एका गटाचा नंबर घेऊन आलो. आता नाचणीचं पीठ त्या पाठवतात, आम्ही इथे विकतो. तुमच्या गावातला माल असाच शहरातल्या एखाद्या गटाला हवा असेल. प्रदर्शनात माल कमी विकला गेला तरी चालेल, पण चार नंबर घेतल्याशिवाय परतू नका.

आता सावधगिरीचं. "मोठी ऑर्डर देतो, पैसे पाठवलेत, हा कोड स्कॅन करा, पिन टाका" असा फोन आला तर सरळ बंद करा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे द्यायला. फसवणूक झालीच तर लाजू नका, लगेच 1930 या नंबरवर फोन करा.

जाता जाता एक काम देतो. येत्या बैठकीत दहा जणींनी मिळून एकच फोटो काढा, आपल्याच मालाचा, दिवसाउजेडी. तो आधी फक्त पाच ओळखीच्या बायकांना पाठवा आणि त्या काय म्हणतात ते ऐका. त्या पाच जणी तुमच्यासाठी शब्द टाकतील. तो खाली पडू न देणं एवढंच आपल्या हाती.

येतो आम्ही. नमस्कार.