थाळीतलं वर्तुळ आणि वाफ्यातलं रोप



अधिवेशनाच्या अध्यक्षाने सर्वांचं कौतुक करावं असा रिवाज आहे. ते काम मी समारोपाच्या वक्त्यांवर सोपवतो आणि थेट तक्रारीकडे येतो.

टोमॅटोचे जिवाणूजन्य रोग आणि वनस्पतींचे अर्क या विषयावरचे आपले बहुतेक निबंध एकाच छायाचित्रावर येऊन थांबतात. पेट्री थाळी, अर्कात भिजवलेली चकती आणि तिच्याभोवतीचं, जिवाणू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ. वर्तुळ मोठं, म्हणजे अर्क गुणकारी! हा निष्कर्ष घाईचा आहे. वर्तुळाचा आकार अर्काच्या ताकदीवर जितका ठरतो, तितकाच तो अर्क अगारमध्ये किती पसरतो यावर ठरतो. तेलकट घटक पाणीदार अगारमध्ये नीट पसरत नाहीत, म्हणून चांगलं औषधही लहान वर्तुळ दाखवतं. शिवाय प्रयोगशाळेत अर्क निघतो मिथेनॉलमध्ये आणि शेतकरी काढतो पाण्यात किंवा गोमूत्रात. दोन्ही पातेल्यांत उतरणारी रसायनं वेगळी. मग शिफारस कोणत्या पातेल्याची?

लसणाचंच घ्या. त्याचा जिवाणूनाशक घटक अॅलिसिन पाकळीत तयार नसतो. पाकळी ठेचली की विकराच्या क्रियेने तो बनतो. ठेचण्याआधीच लसूण उकळला तर विकर मरतो आणि अॅलिसिन जन्मालाच येत नाही. तरीही उकळून काढलेल्या लसूण अर्काच्या कृती हातोहात फिरतात. आपल्यापैकी किती जणांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला?

दुसरा प्रश्न जागेचा. मर रोगाचा जिवाणू राल्स्टोनिया मुळांतून शिरतो आणि पाणी वाहणाऱ्या नळ्यांत वस्ती करतो. कापलेलं खोड ग्लासभर पाण्यात धरलं की दुधाळ धार सुटते, ती त्याच वस्तीची. तिथवर पानांवरचा फवारा पोचत नाही. कोमेजलेल्या झाडावर दशपर्णी, म्हणजे दहा झाडांच्या पानांचा कुजवलेला अर्क, मारणं म्हणजे निव्वळ मजुरी वाया घालवणं. दशपर्णीवर माझा राग नाही. पण तिची पानं, प्रमाण आणि कुजवण्याचे दिवस गावागणिक बदलतात. निंबोळी उत्पादनांत अझाडिरॅक्टिन किती पीपीएम आहे ते निदान बाटलीवर लिहिलेलं असतं; मात्र तो घटक मुख्यतः किडींसाठी आहे, जिवाणूंसाठी नव्हे.

मग वनस्पतींना इथे जागा आहे का? आहे, आणि ती लागवडीच्या आधीची. ओव्यात असतो तो थायमॉल फ्लोरिडातल्या संशोधकांनी राल्स्टोनियाबाधित जमिनीत मिसळला, वर प्लास्टिक अंथरलं आणि मग रोपं लावली. रोगाला बळी पडणाऱ्या वाणात मर लक्षणीय घटली. हे काम २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधीच्या प्रयोगांत पामरोजा तेलानेही चांगले परिणाम दिले होते. पामरोजा म्हणजे आपलं रोशा गवत. त्याचं तेल खानदेशाला परकं नाही. त्या धर्तीच्या शेतचाचण्या आपल्या जमिनीत, विशेषतः मर रोगाने गांजलेल्या कोकण-गोव्याच्या आम्लधर्मी जमिनीत, व्हायला हव्यात. खर्चासकट. एकरी तेल किती लागेल हे न सांगता दिलेली शिफारस शेतकऱ्याच्या उपयोगाची नाही.

हे आताच का, तर जुने आधार सुटत चालले आहेत. ठिपक्यांच्या रोगाचा जिवाणू झँथोमोनास, त्याच्यात स्ट्रेप्टोमायसिनला आणि तांब्याला दाद न देणारे प्रकार फ्लोरिडात कित्येक दशकांपूर्वीच आढळले. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन शेतीतून हद्दपार करणाऱ्या आदेशाचा मसुदा काढला. नारायणगाव किंवा पिंपळगावच्या दुकानात शेतकरी पर्याय विचारतो, तेव्हा त्याला रोगप्रतिकारक वाण, रानवांग्यावरची कलमं, बियाण्याची उष्णजल प्रक्रिया हे आधी सांगा. अर्क त्यांच्या जोडीला येईल, त्यांच्या जागी नाही.

संयोजकांना माझी विनंती आहे. पुढच्या अधिवेशनात ज्या निबंधाच्या शीर्षकात ‘नियंत्रण’ हा शब्द असेल, त्यात किमान दोन हंगामांची शेतचाचणी, नुसत्या द्रावकाशी तुलना आणि हेक्टरी खर्च सक्तीचा करा. आणि तरुण संशोधकांनो, जो अर्क शेतात चालला नाही त्याचे आकडेही पाठवा; त्यांच्यासाठी मी स्वतंत्र सत्र मागून घेईन.