मनातलं कोणाशी बोलावं?

बंगळुरूत नोकरीसाठी आलेल्या आपल्या मुलामुलींचा दिवस इंग्रजीत जातो, पण झोप उडवणारी काळजी मराठीतच असते. "आईला कसं सांगू?" हे परक्या भाषेत बोलताना निम्मं आतच राहतं. म्हणून समुपदेशक निवडताना भाषेचा आग्रह जरूर धरा.

होसूर रोडवरचं निम्हान्स, म्हणजे मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था, ठाऊक असेलच. सरकारची मोफत 'टेली-मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, तिचं प्रमुख केंद्र हेच. या सेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं.

समोरासमोर भेटायचं असेल, तर शिक्षण, अनुभव, फी आधीच विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा; यात संकोच कसला? औषधं मात्र मानसोपचारतज्ज्ञांसारखे डॉक्टरच देतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गोपनीयता तुमचा हक्क आहे. जिवाला धोका असण्यासारखे मोजकेच अपवाद.

दोन-तीन भेटींनंतरही मोकळं वाटलं नाही, तर तसं त्यांनाच सांगा. चांगला समुपदेशक रागावत नाही, दुसरं नाव सुचवतो. आणि जीव नकोसा झाला असेल, तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका; आत्ताच जवळच्या माणसाला उठवा, १४४१६ लावा.