हळदीचा डाग आणि निळी पाने



लग्नघरात धोतरावर हळद सांडली की आम्ही पुरुष साबणाकडे धाव घेतो. डाग जात तर नाहीच, उलट लाल होतो. कारण साबण क्षारधर्मी, आणि क्षाराशी गाठ पडली की हळद लाल होते. घरातील वडीलधारी बाई मात्र काही न बोलता ते धोतर धुऊन कडक उन्हात वाळत घालते. संध्याकाळी डाग जवळजवळ नाहीसा झालेला असतो.

तो जातो कोठे? हळदीतील पिवळ्या द्रव्यास कुर्क्युमिन म्हणतात. त्याच्या रेणूची रचना १९१० साली उलगडली. दोन टोकांस दोन कडी आणि मध्ये एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी. हा रेणू निळाजांभळा प्रकाश गिळतो, म्हणून उरलेला आपणांस पिवळा दिसतो. पण गिळलेली ही ऊर्जाच, हवेतील ऑक्सिजनच्या मदतीने, ती साखळी तोडते. म्हणजे ज्या गुणामुळे रंग दिसतो, त्याच गुणामुळे तो मरतो! तुकड्यांना पिवळेपणा उरत नाही. त्यांतला एक तर व्हॅनिलिन, आइस्क्रीमला वास देणारे.

धोतराच्या बाबतीत आपण खूष असतो. परंतु सतराव्या-अठराव्या शतकांत कोरोमंडल किनाऱ्यावरून युरोपात गेलेली छिटे पाहा. त्यांवरील कित्येक पाने आज निळी दिसतात. रंगाऱ्याने ती निळी काढली नव्हती. निळीवर वनस्पतीचा पिवळा रंग चढवून हिरवी केली होती. पिवळा उडाला, नीळ टिकली.

वस्तुसंग्रहालयात अशा वस्त्रांवर साधारण ५० लक्सच प्रकाश ठेवतात. अंधार फार, अशी प्रेक्षकांची कुरकुर असते. आम्हीही ती केली आहे. पण हिशेब करा. भर उन्हात १,००,००० लक्स. तेव्हा उन्हातला एक तास तेथील २,००० तासांच्या तोडीचा; दररोज ८ तास धरले तर २५० दिवस. अतिनील किरणांची भर वेगळीच. शिवाय प्रकाशाची ही इजा साठत जाते. वस्त्र पुन्हा पेटीत ठेवल्याने उडालेला रंग परत येत नाही.

आमच्या एका स्नेह्यांनी पणजीचे जुने वनस्पतिरंगी वस्त्र चौकटीत बसवून खिडकीसमोर टांगले आहे. आम्ही हटकले, तर म्हणाले, "अहो, काच आहे की!" काच धूळ अडविते. निळाजांभळा प्रकाश तिच्यातून खुशाल आत येतो.