चौकट आणि विश्वास

सामान्यनाम, विशेषनाम, भाववाचक नाम हे प्रकार आपण शाळेत घोकले आणि परीक्षेनंतर सोडून दिले. चांगलं गद्य वाचताना मात्र ही जाण पुन्हा कामाला येते.

शनिशिंगणापूर या गावाबद्दलची दोन वाक्यं ऐका. ‘शनिशिंगणापूरच्या लोकांची शनिदेवावर अपार श्रद्धा, भक्ती आणि निष्ठा आहे.’ आता दुसरं: ‘घराला चौकट आहे, पण कवाड नाही, कडी-कोयंडा नाही, कुत्रं आत शिरू नये म्हणून रात्री एक फळी आडवी लावतात.’ पहिल्यात तीन भाववाचक नामं एकापाठोपाठ आली, तरी मनात चित्र उभं राहत नाही. दुसऱ्यात श्रद्धेचं नावही नाही. चौकट, कडी, फळी या हाताला लागणाऱ्या वस्तू आहेत आणि श्रद्धा आपल्याला त्यांच्यातूनच कळते. त्यातही ती फळी मला फार मोलाची वाटते. तिला कुत्र्याची काळजी आहे, चोराची नाही!

म्हणून भाववाचक नामं टाकून द्यायची का? मुळीच नाही. ‘विश्वास’ हा शब्द काढून घ्या, मग तीच चौकट परक्या माणसाला अर्धवट राहिलेलं बांधकाम वाटेल. उघड्या चौथऱ्यावरची, छप्पर नसलेली शनिदेवाची काळी शिळा दिसते, तिच्यावरून ओघळणारं तेल दिसतं. शनीचा कोप दिसत नाही. आणि गावाची घरं तर चोरावर होणाऱ्या त्या न दिसणाऱ्या कोपाच्या भरवशावर उघडी आहेत. 2011 साली युको बँकेनं इथे दर्शनी दाराला कुलूप नसलेली शाखा काढली. गावात चोरीच्या तक्रारीही झाल्या आहेत. त्या ऐकल्या की विश्वास किती नाजूक असतो, ते कळतं.

शनिशिंगणापूर ज्या नेवासे तालुक्यात आहे त्याच तालुक्यात, खुद्द नेवाशाला, पैसाचा खांब आहे. त्याला टेकून ज्ञानदेवांनी शके 1212 मध्ये गीतेवरचं भाष्य, म्हणजे ज्ञानेश्वरी, सांगितलं, असं परंपरा मानते. आत्मा, ज्ञान, वैराग्य असे नुसते न दिसणारे विषय. पण ज्ञानदेव दर वेळी दिवा, पाणी, सूर्य, आई यांना बोलावून आणतात. त्या खांबावरचा शिलालेखही देवाच्या दिव्याला तेल मिळावं म्हणून दिलेल्या दानाचा आहे. भक्तीची नोंद झाली ती तेलाच्या हिशेबात.

आज ज्ञानेश्वरीच्या कुठल्याही दहा ओव्या मोठ्यानं वाचा. न दिसणाऱ्या गोष्टीच्या नामाखाली पेन्सिलनं रेघ ओढा आणि त्याच्या मदतीला कोणती वस्तू आली आहे, ते शोधा.